दिन्या, कंपनीचं सोड, आधी सर्जन बघ

अरे दिन्या,

तुझा इको रिपोर्ट आला तेव्हा मी एसटीत होतो, तिथंच झूम करकरून वाचला. सिव्हिअर एमआर, पोस्टेरियर लीफलेट प्रोलॅप्स. म्हणजे हृदयातल्या मायट्रल झडपेचा मागचा पडदा सैल पडलाय, ती नीट मिटत नाहीये, रक्त उलटं मागं जातंय, आणि तू म्हणतोस ती जिन्यातली धाप त्याचीच. आणि साहेब विचारतायत काय, तर कुठल्या कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स घेऊ!

बाबा रे, ती वेळ गेली. आज नवी पॉलिसी घेतलीस तर हा आजार आधीपासूनचा धरणार, त्यावर 3 वर्षांपर्यंत वेटिंग लावू शकतात, म्हणजे तोवर या आजाराचा क्लेम नाही (2024 च्या आधी 4 होती). तो एजंट म्हणतोय ना फॉर्ममधे लिहू नका, त्याला चहा पाज आणि वाटेला लाव, कारण लपवलेलं निघालं की क्लेमही जातो आणि पॉलिसीही. तुझी खरी पॉलिसी ऑफिसची. ग्रुपमधे बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून जुने आजार कव्हर असतात, एचआरकडून लेखी घे, आणि ऑपरेशन होईस्तोवर ते नोकरी सोडून गावी जायचं खूळ डोक्यातून काढ. वहिनींची वेगळी पॉलिसी मात्र आत्ताच घे, धडधाकट आहेत तोवर.

अजून एक, रूम रेंट. माझ्या ऑपरेशनच्या वेळी यात मी जाम फसलोय. माझी पॉलिसी 5 लाखांची, रूमची मर्यादा दिवसाला त्याच्या 1 टक्का म्हणजे 5 हजार, आणि आम्ही ऐटीत 8 हजारांची सिंगल रूम घेतली. मला वाटलं वरचे 3 हजार खिशातून गेले की झालं. कसलं काय, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात कापलं, पाऊण लाख गेले. झडपेची किंमत, औषधं, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही एवढंच नशीब. तू शेअरिंग रूम घे, तसंही पहिले दिवस आयसीयूतच जातात.

आता सर्जन. माझी एऑर्टिक झडप बदलली, तुझी बहुतेक दुरुस्त होईल, तुझ्या टाइपच्या प्रोलॅप्सला रिपेअरच चांगलं मानतात. म्हणून बायपासमधे कोणाचं नाव आहे हे विचारू नकोस, तोंडावर विचार की डॉक्टर वर्षाला मायट्रल रिपेअर किती करता, त्यातल्या किती जणांना शेवटी झडप बदलावी लागली, आणि टेबलावरच घशातून इको करून गळती बघता का. जो चिडेल तो आपला नाही. दोन सर्जनकडे जा, अँजिओची सीडी बरोबर ठेव.

आणि रिपेअर जमलंच नाही तर कुठली झडप, हे भूल द्यायच्या आधी ठरव. टिश्यूची (जनावराच्या ऊतीपासून केलेली) साधारण 10-15 वर्षं टिकते, आपल्या वयाला म्हणजे पुन्हा ऑपरेशन आलंच. मेटलची टिकते पण जन्मभर वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी, तिच्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी, मेथी-पालक एकदम जास्तही नाही आणि एकदम बंदही नाही. रात्री सगळं शांत झालं की माझ्या मेटलच्या झडपेची टिकटिक हिला पण ऐकू येते, म्हणते घड्याळ विकत आणायचे पैसे वाचले.

दात दाखवून घे आधी, किडका दात असेल तर ऑपरेशन पुढं ढकलतात. ऑफिसच्या पॉलिसीचा पीडीएफ पाठव, रविवारी बसून वाचतो. आणि तंबाखूची पुडी फेकलीस का अजून खिशात आहे ते खरं सांग.

तुझा,
बंड्या