खुले पत्र: चार फूट वाट भाड्याने मिळेल का?

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार

महोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापूरचा. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं तर पुलाऐवजी आणखी एक भिंत यायची. आधी एक गोष्ट कबूल करतो. रेल्वेची जमीन रेल्वेनं सांभाळलीच पाहिजे. आमचे वडील, आप्पा, रेल्वेत गँगमन होते, रुळांची निगा राखायचे. हद्दीचा दगड कुठं पुरलाय हे त्यांना अंधारात पायाला कळायचं, आणि लहानपणी रुळावर बसलो म्हणून त्यांच्या हातचा मार मी खाल्लाय. त्यामुळं तुमच्या खात्याशी माझं वैर नाही. निदान गेल्या गुरुवारपर्यंत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास रुळाकडेनं भिंतीचं काम सुरू झालं. सिमेंटच्या तयार फळ्या, खांबांच्या खाचेत एकावर एक बसवलेल्या. काम आमच्या पायवाटेपाशी आलं तेव्हा बायकांनी ते अडवलं. मग एक साहेब आले. चहा घेतला आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाले, "पादचारी पूल मंजूर आहे. पूल होईस्तोवर एवढी फट ठेवतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. लेखी मागायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ज्याला आत्ताच चहा पाजला त्याच्याकडं कागद मागायला जीभ रेटत नाही. पुलासाठी अजून एक खड्डासुद्धा खणलेला नाही. फट मात्र गुरुवारी रात्रीतून बुजली.

शुक्रवारी सकाळी आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, विड्यांची बुट्टी घेऊन निघाली. कारखाना रुळापलीकडं. मोठ्या पुलावरून गेलं तर दोन-अडीच किलोमीटरचा वळसा, आणि उशीर झाला की माल घेणारा तोंड फिरवतो. भिंत संपते तिथं नाला आहे. नाल्याच्या कडेनं वर चढताना तिचा पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, विड्या खडीत सांडल्या. एका हातानं त्या गोळा करत होती तेवढ्यात वर्दीतले दोघं आले. लागलं का हे विचारायच्या आधी त्यांनी नाव विचारलं. रेल्वे कायद्याचं कलम १४७, हद्दीत शिरल्याचं. हात फडक्यात बांधून ती न्यायालयात उभी राहिली, पाचशे रुपये भरून आली, आणि मग दवाखान्यात गेली. हो, याच क्रमानं.

दंडात दोन-तीन दिवसांची मजुरी गेली, ते सोडा. सहा आठवडे प्लास्टर आहे. उजवा हात, साहेब. मी लूमवर होतो, लूम बंद पडला, तेव्हापासून आमचं घर त्या हातावर चालतं. विडी वळणाऱ्या बाईचा उजवा हात म्हणजे काय, हे तुमच्या फाइलीत कुठल्या रकान्यात बसतं ते तेवढं कळवा.

मी रेल्वे कायदा, १९८९ वाचून काढला. नातवाच्या मोबाइलवर, इंग्रजीतून, शब्दाशब्दाला त्याला उठवत. पोरगं वैतागलं. कलम १४७ म्हणतं, हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. कलम १८ कुंपणाचं. दोन्ही तुमच्या लोकांना पाठ आहेत. पण त्याच्या आधी कलम १६ आहे, ते कुणी सांगत नाही. रेल्वेमुळं ज्यांची वाट तुटली त्या शेजारच्या जमीनवाल्यांना, राहणाऱ्यांना पूल, मोरी, फाटक, रस्ता रेल्वेनं करून द्यायचा. ते वाचून मी उठून बसलो. पुढची ओळ वाचली आणि परत आडवा झालो. मार्ग सुरू झाल्यापासून दहा वर्षं उलटली की नव्या कामाचा खर्च रेल्वेवर टाकता येत नाही. सोलापूरला आगगाडी आली १८६० साली. म्हणजे आमची मुदत १८७० लाच संपली. अर्ज माझ्या पणजोबांनी करायला पाहिजे होता, चूक त्यांची.

कलम १७ म्हणतं, त्यानंतर पूल हवा असेल तर मागणाऱ्यानं पैसे भरावेत, म्हणजे आम्ही, नाहीतर राज्य सरकारनं किंवा शहराच्या कारभाऱ्यांनी. गेलो तिकडंही. तिथल्या बाबूनं नकाशावर बोट ठेवून सांगितलं, हद्द रेल्वेची, आम्ही काय करणार? आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना.

आता जमिनीच्या रक्षणाचं बघू या. आमच्याकडून दोनशे पावलं चाललं की तीच तुमची भिंत एका पत्र्याच्या शेडपाशी येते आणि लाजून वळसा घेते. शेडवर भावी नगरसेवकाचा फ्लेक्स, आत चारचाकी गाड्या. महिना भाडं कोण घेतं हे पोरंसोरंही सांगतील. आप्पांचा दगड त्या शेडच्या आत आहे, मी स्वतः बघितलाय, त्यावर आता पाण्याचा जार ठेवतात. चौकशी केली तर उत्तर मिळालं, प्रकरण चालू आहे. चालू असणारच! त्यांच्यासाठी १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा आहे. आधी कारण दाखवा नोटीस, मग सुनावणी, मग निष्कासनाचा आदेश, त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडं अपील. जागा बळकावून बसला त्याला एवढी पायरी-पायरीनं वागणूक, आणि जी नुसती पाऊल टाकून पलीकडं जाते तिला त्याच दिवशी दंड. मग चालावं कशाला? आम्हीही रुळाकडेला पत्रे ठोकून बसतो. निदान नोटीस तरी येईल.

रूळ ओलांडण्यात जीव जातो हे मला शिकवू नका. रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीनं २०१२ मध्ये लिहून ठेवलंय की असे रूळ ओलांडताना देशात वर्षाला १५,००० च्या आसपास माणसं मरतात. म्हणजे रोजची चाळीस! आकडा आता कमी झाला असेल तर सांगा, पेढे वाटतो. मेलेल्याच्या घरच्यांना नुकसानभरपाईही नाही. कलम १२४-अ आहे ते प्रवाशांसाठी, आणि आम्ही कुठं प्रवासी? आम्ही घुसखोर. परवा सकाळी भिंतीच्या टोकाला बसून मी माणसं मोजली. दोनशेच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. शाळेची पोरं, भाजीवाल्या, एक म्हातारा सायकल खांद्यावर घेऊन. भिंतीनं एकही माणूस कमी झालेला नाही. आधी सरळ वाटेनं दोन्हीकडं बघून जायचे, आता नाल्यातून एकदम रुळावर निघतात, आणि समोर मालगाडी उभी असली की तिच्या खालून. ही सुरक्षा कुणाची झाली, माणसांची की फळ्यांची?

पैसे नाहीत असं तर म्हणूच नका. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, तेव्हा आम्ही याच वाटेवर उभं राहून हात हलवले होते. खुशीनं हलवले. त्याच वर्षी जूनमध्ये विमान उतरावं म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, काही सेकंदांत. म्हणजे सरकारला एखाद्याची वाट मोकळी करायची असली की ती होते. फक्त वाट कुणाची आहे ते बघावं लागतं. पायी जाणाऱ्याची असली की मोजणी, अंदाजपत्रक, संयुक्त पाहणी, आणि साहेबांची बदली. आमच्या त्या चहा पिणाऱ्या साहेबांची झाली म्हणे. नवीन आलेत ते विचारतात, असं आश्वासन दिल्याची नोंद आहे का? चहाची नोंद ठेवायची राहिली, साहेब.

सप्टेंबर २०२२ मध्ये तुमच्या सरकारनं रेल्वेच्या जमिनीचं धोरण बदललं. मालाच्या टर्मिनलसाठी ३५ वर्षांच्या करारानं जमीन, आणि भाडं वर्षाला बाजारभावाच्या दीड टक्का. आधी सहा टक्के होतं. कोळसा, सिमेंट, खताला ही सवलत. ठीक आहे, मालाची ने-आण वाढू द्या. आम्हीही मालच नेतो, डोक्यावर.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. रुळाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, चार फूट रुंद आणि अंदाजे शंभर फूट लांब, म्हणजे चारशे चौरस फूट जागा आम्हाला भाड्यानं द्या. वर पूल बांधा किंवा खालून बोगदा काढा, ते तुमच्या इंजिनिअरांनी ठरवावं. बाजारभावही तुम्हीच काढा, आम्ही घासाघीस करणार नाही. दीड टक्का दरवर्षी वर्गणी काढून भरू, पावती फाडा. ३५ वर्षांनी मी नसेन, पण नातवाला कायदा वाचता येतो. आणि तोवर ती फट उघडा, सकाळ-संध्याकाळ शिट्टी घेऊन एक माणूस उभा करा. तिला पकडायला दोन माणसं मिळाली होतीच की.

आपला,
एका निवृत्त गँगमनचा मुलगा, सोलापूर

ता. क. पत्र वाचून दाखवलं तर मंडळी म्हणाली, विड्यांचं लिहिलंच नाही. तर लिहितो. त्या दिवशी खडीतून गोळा केलेल्या विड्यांपैकी सव्वाशे कारखान्यानं छाट म्हणून नाकारल्या. भिजल्या होत्या.