मंत्रिमहोदय, सहा महिने म्हणाला होतात

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी आपण आमच्या जिल्ह्यात आला होतात. मणक्यात औषध सोडणारा पंप नीट चालतो का, ते बघणाऱ्या तपासणीबद्दलचं माझं निवेदन उभ्याउभ्या वाचलंत, खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "गुरुजी, ही तपासणी सहा महिन्यांत इथल्या सरकारी दवाखान्यात होईल." सव्वा वर्ष झालं. या श्रावणात माझं पोरगं मरता मरता वाचलं, म्हणून आज चारचौघांत लिहितोय.

ट्रॅक्टर उलटून त्याच्या मणक्याला मार लागला. पाय लाकडासारखे आखडायचे. दोन एकर विकून पोटाच्या कातडीखाली पंप बसवला. पंपातून एक बारीक नळी मणक्यातल्या पाण्यात जाते आणि बॅक्लोफेन हे आखडलेले स्नायू सैल करणारं औषध थोडं थोडं सोडते. तीन वर्षं तो खुर्चीत बसून जेवत होता, रात्री झोपत होता.

श्रावणात अंगाला खाज सुटली. मग पाय ताठ, मग ताप, मग भिंतीवर माणसं दिसायला लागली. हे औषध एकाएकी तुटलं तर जीव जातो, साहेब. गोळ्या दिल्या, पण मणक्यात जाणाऱ्या औषधाची जागा गोळी भरून काढत नाही. त्याची आई रात्रभर त्याचे गुडघे दाबून बसायची.

पंपात उरलेलं औषध काढून मोजलं, हिशोब बरोबर लागला. एक्स-रेत नळी अखंड दिसली. मग औषध जातं कुठं? डॉक्टर म्हणाले, इंडियम-१११ हे किरणोत्सारी द्रव्य पंपात भरायचं आणि ते कुठवर पोचतं हे त्याचे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यानं दोन-तीन दिवस बघायचं. अशा तपासण्यांत नेहमी वापरतात ते टेक्नेशियम का नको, हे मी विचारलं. ते दर सहा तासांनी निम्मं होतं आणि पंप दिवसाला एक मिलीलिटरसुद्धा ढकलत नाही. नळीच्या टोकाला जाईपर्यंत त्यात काही उरत नाही. इंडियम निम्मं व्हायला २.८ दिवस घेतं. एका शाळामास्तराला हे पाठ झालं, आपल्या खात्याला एक फाईल हलवता आली नाही?

"मुंबईला न्या," एवढंच उत्तर मिळालं. केजहून मुंबई, ताठलेला पोरगा रुग्णवाहिकेत, प्रत्येक खड्ड्याला किंचाळणारा. तिथं इंडियमची मागणी नोंदवून वाट बघितली. आजार सुरू झाल्यापासून एकोणिसाव्या दिवशी फोटोत दिसलं: नळी पाठीत गळत होती, औषध मणक्याबाहेर सांडत होतं. नळी बदलली, तिसऱ्या दिवशी पाय सैल पडले. इतकं सोपं होतं ते! एकोणीस दिवस कशासाठी जाळलेत आमचे?

आणि हे फक्त दवाखान्याचं नाही. परळी–बीड–अहिल्यानगर रेल्वेला १९९५ ला मंजुरी मिळाली, बीडला गाडी यायला २०२५ उजाडलं. घटनेच्या कलम ३७१(२) खालच्या आमच्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनाला येता, भाषणं करता. आमच्या वाट्याचं मागायला गेलं की निवेदन घेता आणि निघून जाता. निवेदनांची पोच ठेवून ठेवून माझी पिशवी फाटली.

मला नवी इमारत नको. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गॅमा कॅमेऱ्यावर ही तपासणी सुरू करा, इंडियम वेळेवर मागवणारा माणूस नेमा, मणक्यात द्यायचं बॅक्लोफेन तिथं साठ्यात ठेवा. तपासणीचा खर्च सरकारी आरोग्य योजनेत घ्या.

पंपाची बॅटरी पाच-सात वर्षं टिकते. आमच्या पंपाला आता चौथं चालू आहे. नळी पुन्हा कधी गळेल ते सांगता येत नाही. त्याची आई रोज रात्री उठून त्याच्या अंगाला हात लावून बघते, खाज तर सुटली नाही ना म्हणून.

आपला,
एका मुलाचा बाप
केज तालुका, जि. बीड