राधानगरीचं दार उघडलं तेव्हा

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "एवढ्याशा विजेसाठी ते जुनं वीजघर कशाला जपायचं?" तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आज रात्री कागद घेऊन बसलोय.

आकड्यानं बघितलं तर तुझं खरं आहे. राधानगरीचं मूळ वीजघर 4.8 मेगावॅटचं, तिकडं कोयना 1,960 ची. पण लेका, पाणी वीज करून थांबतं कुठं? जनित्र फिरवून बाहेर पडलं की तेच भोगावतीतनं खाली येतं, प्रत्येक बंधाऱ्याला अडतं, आपल्या उसाला मिळतं, पुढं पंचगंगेत जातं. उन्हाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेल्या बंधाऱ्यावरनं आपण उड्या मारायचो, ते पाणी हेच की.

रविवारी अण्णांना घेऊन धरणावर गेलो. तलाव काठोकाठ होता. आम्ही पोचलो आणि भोंगा वाजला. सहा नंबरच्या दाराखाली आधी सुतासारखी एक पांढरी रेघ दिसली. ती जाड होत गेली आणि मग एकदम धबाबा पाणी! अंगावर तुषार, पायाखालची फरशी थरथरतेय. माणसाचा हात नाही, बटण नाही. पाणी ठरावीक पातळीला चढलं की दार आपसूक उघडतं, उतरलं की आपसूक मिटतं. अशी सात दारं, एकेकातनं 1,428 क्युसेक.

अण्णांनी टोपी काढून हातात धरली. "महाराजांना हे असं बघायला मिळालं नाही रे," एवढंच म्हणाले. शाहू महाराजांनी लेकीच्या नावानं गाव वसवलं, धरण बांधायला घेतलं. 1918 च्या सुमारास काम थांबलं, 1922 ला महाराज गेले, आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. मला त्या दिवशी फार भरून आलं. महाराजांचा बेनझीर व्हिला पाण्याखाली होता. तो बघायचा तर पाणी उतरल्यावर जायला हवं.

घरी आलो तर आई धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागलेली. 2019 च्या पुरापासनं दार उघडल्याचं कळलं की ती आधी तेच करते आणि मग कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत राहते. 39 फुटांवर इशारा, 43 ला धोका, हे तिला तोंडपाठ आहे. या खेपेला पाणी इशाऱ्याच्या खालीच राहिलं.

गणपतीला येशील तेव्हा एक दिवस जास्तीचा काढ. वीजघरातनं पाणी नदीत पडतं तिथं तुला न्यायचं, असं अण्णांनी ठरवूनच टाकलंय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विज्या