चोखोबांच्या नाटकाला हात लावलेल्या सगळ्यांना मनापासून थँक्यू 🙏

काल संत चोखामेळ्यांवरचं आमचं संगीत नाटक पार पडलं, मन अजून भरून येतंय. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी ढिगाऱ्यातून अस्थी शोधल्या, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची असं म्हणतात, आणि जन्मभर पंढरपूरच्या ज्या विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही त्याच्याच महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. एवढं दुःख आणि एवढी आशा स्टेजवर आणणं आमच्या एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतंच हो.

पखवाज नीट बोलेना म्हणून घरून कणीक मळून आणणारे आणि विंगेत बसून डाव्या पुडीला थापून देणारे काका, खोक्यांची भिंत रात्र जागून रंगवणारी कॉलेजची पोरं, चोखोबांच्या पत्नी सोयराबाईच्या भूमिकेसाठी स्वतःचं जुनं नऊवारी लुगडं काढून देणाऱ्या आजी (किती शोभलं ते!), चहा, डबे, रिक्षा... सगळ्यांनी बजावलंय नाव टाकायचं नाही, म्हणून टाकत नाही. शेवटच्या गजरात अख्खा हॉल टाळ्या धरून उठला ना, त्यात तुमचा मोठा वाटा आहे. पुढच्या प्रयोगाला मात्र पहिल्या रांगेत बसायचं, विंगेत नाही.