कापसाच्या बोळ्याचा सल्ला मागे घ्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मिरवणुकीच्या आवाजावरचा लेख वाचला. आजारी आजोबा, तान्ही बाळे, हादरणाऱ्या काचा, सगळ्यांची विचारपूस झाली. आवाजाच्या उगमाशी सलग पाच-सहा तास बसणाऱ्या वाजवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र अख्ख्या पानात एकच वाक्य आले: ‘वादकांनी कानात कापसाचे बोळे घालावेत.’ एवढी काळजी केल्याबद्दल आभारी आहोत.

लेखापेक्षा त्यासोबतचा फोटो जास्त बोलका आहे. टेम्पोच्या हौद्यात ऑक्टोपॅडवाला (काडीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवाला) बसलाय. डाव्या खांद्याला लागून टॉप (वरच्या पट्टीचा स्पीकर), कानापासून फार तर हातभर अंतरावर, आणि त्याच्या हॉर्नचे (कर्ण्याचे) तोंड बरोबर कानशिलाच्या उंचीला. उजव्या कानात कापूस, तोही भुरभुरीत, अर्धा बाहेर आलेला. डावा कान मोकळा. मोकळा का, ते बँजो पार्टीतल्या कुणालाही विचारा. ताशाचा ठेका आणि गाण्याची उचल पकडायला एक कान उघडा लागतो. म्हणजे टॉप ज्या कानाला चिकटलेला, नेमका तोच उघडा! छायाचित्रकाराने नकळत सगळा विषय टिपला होता. फोटोखाली ओळ काय छापली, तर ‘तरुणाईचा जल्लोष’.

आता कापसाबद्दल. कापूस म्हणजे धाग्यांची मोकळी जाळी. त्यातून हवा जाते आणि हवा जाते तिथून आवाजही जातो. कोरड्या बोळ्याने वरच्या पट्टीतले पाच-सात डेसिबल कमी झाले तर झाले. बेसला तो अडवतच नाही. काही जण तेलात भिजवून घालतात, त्याने थोडा फरक पडतो, पण भाद्रपदातली दमट हवा, घाम आणि कानात राहिलेले ओले तंतू म्हणजे बुरशीला आवतण. कापसाचा खरा तोटा आणखी वेगळा आहे. तो घातला की माणसाला वाटते, आपण सुरक्षित आहोत. मग तो टॉपपासून हलत नाही.

हिशेब साधा आहे आणि तो लेखात यायला हवा होता. कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला ८ तास राहावे, त्याहून जास्त नाही. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटे. टेम्पोवर वाजवणाऱ्याच्या कानाशी १०० धरा, हा आकडा सौम्यच आहे. कापसाने ५ गेले, उरले ९५, म्हणजे जेमतेम पाऊण तास. आरती होऊन गणपती गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंतच तो संपतो.

त्याऐवजी मेडिकलमध्ये किंवा कारखान्यांना सुरक्षेचे सामान पुरवणाऱ्या दुकानात फोमचा इअरप्लग चहा-वड्याच्या पैशांत मिळतो. पण पाकिटावरच्या आकड्याला भुलू नका. किती डेसिबल अडतात याचा तो आकडा ३३ लिहिलेला असेल तर त्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचे निम्मे धरा: १३. प्रत्यक्षात हाताशी एवढेच लागते, तेही प्लग नीट बसला तर. तो बसवायची एक रीत आहे. आधी हात धुवा. प्लग बोटांत वळून, सुरकुती न पडू देता, वातीसारखा बारीक करायचा. डाव्या कानात घालायचा तर उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची. त्याने कानाची वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवून बोटाने २०-३० सेकंद दाबून धरायचा, तोवर तो फुगून भिंतीला चिकटतो. समोरून पाहिल्यावर प्लगचे टोक कानाबाहेर डोकावत असेल तर तो बसलेलाच नाही. खात्री करायची असेल तर आवाज चालू असताना दोन्ही तळवे कानांवर दाबा. आवाज एकदम पडला, तर प्लग काढून पुन्हा घाला. काढताना हळूहळू पिळत काढा. हिसका दिला तर पडद्याला ओढ बसते.

फोममध्ये एक खोट आहे, ती लपवत नाही. तो वरची पट्टी जास्त खातो आणि बेस कमी. सगळे गोधडीखालून आल्यासारखे ऐकू येते. ताशावर काडी पडल्याचा ‘टण’ कमी ऐकू आला की ताशेवाला आणखी जोरात मारतो. कीबोर्डवाला टॉप वाढवायला सांगतो. गायकाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो, म्हणून तो एक प्लग काढून खिशात टाकतो. (घुमणे कमी करायचे तर प्लग काढायचा नसतो, आणखी आत सरकवायचा असतो. हे त्याला कुणी सांगितलेले नसते.) यावर उपाय १९८८ पासून बाजारात आहे: खास वादकांसाठीचे, गाळणी असलेले प्लग. त्यातून खर्ज आणि तार जवळजवळ सारख्याच प्रमाणात कमी होतात. सूर तेच, ठेका तोच, फक्त कुणी मिक्सरवरचा मास्टर (एकूण आवाजाचा दांडा) खाली ओढल्यासारखा. कानाचा साचा काढून घेतलेल्या प्लगमध्ये ९, १५ किंवा २५ डेसिबलची गाळणी बसवता येते. टेम्पोवर ९ ची घेऊ नका. १०० मधून १५ गेले की ८५ उरतात आणि ८५ ला ८ तास मिळतात. साच्याला काही हजार लागतात, पण तयार मापाचे सिलिकॉनचे त्याहून बरेच स्वस्त असतात आणि साबणाच्या पाण्याने धुऊन हंगामभर वापरता येतात.

मात्र प्लग मध्येच काढायचा नाही, आणि इथेच सगळे घसरतात. पाणी प्यायला, नाचणाऱ्या पोरांची फर्माइश ऐकायला, फोन घ्यायला असा मिळून १५ मिनिटे काढलात, तर १०० डेसिबलला तेवढ्यात दिवसाचा सगळा वाटा संपला. उरलेले पावणेपाच तास कितीही भारी प्लग घातला तरी ते वरकडच. प्लग काढायचा असेल तर आधी खाली उतरा, टेम्पोच्या मागे जा आणि मग काढा. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्येही व्हायोला वादकाला प्लग दिलेले होते. तरी कान गेल्याच्या दाव्यात २०१८ मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात गेला आणि २०१९ मध्ये अपिलातही जबाबदारी तिच्यावरच राहिली. नुसते प्लग वाटून मालक मोकळा होत नाही. आपल्याकडे तर सुपारी घेणारा मालक प्लगही वाटत नाही.

जाता जाता, ‘प्लग ३० आणि वर इअरमफ २५, एकूण ५५ डेसिबल संरक्षण’ हे लेखातले गणित कुणी केले? डेसिबलची अशी बेरीज होत नाही. प्लगवर मफ चढवला तर पाचेक डेसिबलची भर पडते, बस्स.

आता स्पीकरच्या मांडणीबद्दल, कारण प्लगच्याही आधी हे करायला हवे आणि याला दमडी लागत नाही. हॉर्नचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो, बेसचा चहूकडे पसरतो. म्हणून वाजवणाऱ्यांची रांग टॉपच्या तोंडाच्या मागे बसवा. आपल्याकडे उलटे असते: स्पीकर मागे रचलेले, पोरे पुढे, आणि हॉर्न थेट मानेवर. जागा नसेल तर टॉप उंच करा, हॉर्न डोक्यावरून जाऊ दे. छोट्या स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की उघड्यावर ६ डेसिबल उतरतात: १ मीटरवर ११० तर २ मीटरवर १०४. रचलेल्या भिंतीसमोर किंवा अरुंद गल्लीत उतार याहून कमी मिळतो, हे धरून चाला.

ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्यांना तर सोपी सोय आहे, कारण त्यांच्या वाद्याला स्वतःचा आवाजच नाही. स्पीकर बंद केला तर पॅडवर काडीची टपटप उरते. मिक्सरच्या ऑक्सला (हवा तेवढाच आवाज वेगळा बाहेर काढायच्या जोडणीला) छोटा हेडफोन अँप्लिफायर जोडा आणि फोमची टोके असलेले, कान पक्के बंद करणारे इन-इअर (कानाच्या आत बसणारे इअरफोन) लावा. बाहेरचा बराच आवाज तिथेच अडतो आणि गाणे, ठेका, पॅड हवे तेवढेच घेता येते. मग फोटोतल्या पोराला डावा कान उघडा ठेवायचे कारण उरत नाही. दोन अटी आहेत. लिमिटर (ठरावीक मर्यादेपुढे आवाज जाऊ न देणारे साधन) लावलेला हवा, नाहीतर माइक कुईं करून ओरडला की तो थेट पडद्यावर. आणि दोन्ही कानांत घालायचे. एक काढला की माणूस दुसऱ्याचा आवाज वाढवतो आणि होता त्याहून वाईट होते. मोबाइलचे सैल इअरफोन इथे चालत नाहीत, बाहेरच्या गोंगाटावर मात करायला तेही वाढवलेच जातात.

लेखातल्या ‘चौकात ९८ डेसिबल’ या आकड्याला स्पीकरपासून किती अंतर, किती वेळाची सरासरी, काहीच सोबत नाही. कायद्यातली रहिवासी भागाची दिवसा ५५, रात्री ४५ ही मर्यादा ए-मापात आहे. ते माप ६३ हर्ट्झचा बेस २६ डेसिबलने कमी धरते. म्हणून मीटर बरा आकडा दाखवतो आणि छाती मात्र धडधडत असते. फोनवरच्या ॲपचे तर सोडाच. बऱ्याच फोनचे माइक १०० च्या पुढे गुदमरतात आणि आकडा तिथेच अडकतो.

वाजवून घरी गेल्यावर कानात ‘कुंईऽऽ’ वाजत असेल, बोलणे दबलेले ऐकू येत असेल, तर तो थकवा नव्हे, इजा आहे. दुसऱ्या दिवशी ओसरले म्हणजे भरून आले असेही नाही. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २४ तासांत ओसरले नाही किंवा एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तर ‘विसर्जन झाल्यावर बघू’ नको. त्यावरची औषधे पहिल्या काही दिवसांतच सुरू केली तर लागू पडण्याची शक्यता जास्त असते. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा, आदल्या दिवशी न वाजवता, आणि ३,००० व ६,००० हर्ट्झही तपासा म्हणून सांगा. ऐकण्याच्या आलेखात खड्डा आधी ४,००० च्या आसपास पडतो. तेव्हा घरात सगळे ठीक ऐकू येते, फक्त गर्दीत ‘स’, ‘थ’, ‘फ’ निसटायला लागतात.

आपल्या पेपरात राशिभविष्याच्या दोन राशी अदलाबदल झाल्या तर दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर दिलगिरी असते. विसर्जनाला अजून पाच दिवस आहेत. कापसाबद्दलही तेवढीच चौकट छापावी, शक्यतो त्याच पानावर तळाला असलेल्या ‘दणदणीत साउंड भाड्याने मिळेल’ या जाहिरातीच्या वर. आणि कृपया आकडे जसेच्या तसे छापा. मागच्या खेपेला माझ्या पत्रातल्या ८५ चे ५८ झाले होते.

आपला,
एक साउंडवाला, सातारा