पार्सलमध्ये कोट आहे, उसवलेला

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

कोट परत पाठवतेय, पण तू सांगितलंस तसा दुरुस्त करून नाही. अस्तर पूर्ण उसवलंय, खालची दुमड मोकळी केलीय आणि तिथेच हात थांबवलाय. पार्सल उघडल्यावर तुझा चेहरा उतरेल हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी हे वाच.

त्या रात्री फोनवर तू म्हणालास, कॉलेजच्या ज्युरीत कोट पुढून ओढल्यासारखा दिसला, घेर एका बाजूला लोंबला आणि परीक्षक दोन मिनिटांत पुढच्या मुलाकडे वळले. "आई, मला हे जमणार नाही," असंही म्हणालास. मला नंतर झोप लागली नाही. पार्सल आलं तेव्हा मापाला दोघीजणी उभ्या होत्या. त्या गेल्यावर दार लोटलं आणि कोट उलटा करून मांडीवर घेतला. कपडा मी आधी आतूनच बघते.

पहिला दोष अस्तराचा. पॉपलिन न भिजवता कापलंस ना? उरलेला तुकडा तू पिशवीतच ठेवला होतास. त्यातला 10 इंच मोजून कापला, रात्रभर भिजवला, वाळवून इस्त्री केली. साडेनऊ भरला. तुझ्या कोटाला वाफेची इस्त्री लागली तसं अस्तर आत आटलं, वरचा खण होता तेवढाच राहिला आणि पुढचा भाग चुण्या पडून ओढला गेला. शिवण तुझी सरळच आहे. चूक मशीनवर बसण्याच्या आदल्या दिवशी झाली. तू लहान असताना आपल्या मोरीत कायम अस्तराची बादली भरलेली असायची, आठवतंय? ती याचसाठी.

दुसरा दोष घेराचा, आणि त्यावर मी दोन दिवस विचार केला. दिवाळीत तू मला त्या फ्रेंच बाईंबद्दल सांगितलं होतंस, मादलेन व्हियोने. 1912 मध्ये पॅरिसला स्वतःचं फॅशन हाऊस काढलं, छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बघायच्या, आख्खा पोशाख उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापायच्या. मी आयुष्यभर उरेब पट्टी फक्त गळ्याला लावली, त्यामुळे माझ्या डोक्यातून ती गोष्ट गेलीच नव्हती. पण तूच त्यात असंही सांगितलं होतंस, की त्या नेहमीपेक्षा खूप रुंद कापड मुद्दाम विणून घ्यायच्या. उरेब कापायला पन्हा लागतो रे, कापड रुंद लागतं! आणि तू निवडलास खण. त्याचा पन्हा मीटरभरसुद्धा नाही, कारण तो चोळीपुरताच विणायचा. आपण म्हणतोच ना, एका चोळीचा खण. मग तुला घेरात चार जोड द्यावे लागले, प्रत्येक जोड वेगळा ताणला गेला, आणि तू त्याच संध्याकाळी दुमड घालून टाकलीस. उरेब कापड लोंबतं. ते निदान एक दिवस डमीवर टांगून ठेव, त्याचं लोंबणं संपू दे, मग जमिनीपासून पट्टीने मोजून खडूची खूण कर आणि मगच दुमड घाल.

खणाची नक्षी उभ्या धाग्यांत असते. उभ्यातच घेराच्या कळ्या, वर अरुंद खाली रुंद पट्ट्या, काढल्यास तर नक्षी सरळ पायापर्यंत उतरेल आणि कमी पन्हाही पुरेल. पण उरेबच हवा असेल तर उरेब कर. डिझाइन तुझं आहे, त्यात मी बोट घालणार नाही.

आणखी एक, माया. शिवणीच्या आत सोडायचं जास्तीचं कापड सगळीकडे तू एकसारखा सेंटिमीटर सोडलायस. कॉलेजात तसंच शिकवतात हे तू सांगितलंस, कारखान्यात ते बरोबरही असेल. पण खणाचे धागे सुटतात. पाठीमागून बघ, काखेजवळ आत्ताच तीन-चार सुटलेत. मी ब्लाउजला बाजूला दीड इंच माया ठेवते. लग्नात शिवलेला ब्लाउज बाळंतपणानंतर उसवून पुन्हा बसवलेल्या कितीतरी बायका गावात आहेत. कोटाचंही तेच. जी कोण तो घालेल तिचं अंग बदलणारच.

इथे मला तुझं काम माझ्याहून अवघड वाटतं. माझ्यासमोर बाई उभी असते. एक खांदा उतरलाय, पाठीला बाक आहे, हे मला टेप लावायच्या आधीच दिसतं. तुला मात्र न पाहिलेल्या बाईसाठी कापायचं आहे. हे मला कोट हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं.

आता बाहीबद्दल. बाही मी उसवलेली नाही, उसववली नाही. मुंढ्यात, बाही खांद्याला जोडते तिथे, एक चुणी नाही, आणि बाही खांद्यावरून अशी खाली येते जशी हात सहज सोडल्यावर येते. तीनदा उलटसुलट करून पाहिली. एकवीस वर्षं शिवतेय, मला अशी बाही बसवता येत नाही. दोन्ही पुढच्या भागांवर नक्षीच्या ओळी इतक्या जुळवल्यास की बटण लावल्यावर जोड दिसत नाही. परीक्षकांनी हे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलं.

बारावीनंतर तू हे शिकायचं म्हणालास तेव्हा नातेवाईक म्हणाले, मुलगा काय शिंपीकाम शिकणार? मी तेव्हा गप्प बसले, आणि ते मला अजून टोचतं. मलाही भीती वाटत होती. मशीनवर कंबर कशी धरते, ऐन सणात डोळे कसे चुरचुरतात, ते मला माहीत आहे. आणि तरीही तू सुट्टीत एकटा कर्नाटकात गुळेदगुड्डला जाऊन विणकरांच्या दारात बसून खण घेऊन आलास. तुझ्या आजीच्या ट्रंकेत ओटीचे खण त्रिकोणी घड्या घालून पडून होते, त्यांचा कोट होईल असं आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मी हा कोट दोन रात्रींत नीट केला असता. पण मग तो माझा झाला असता.

पिशवीत 5 मीटर मांजरपाट आहे, धुऊन इस्त्री केलेला. घेर आधी त्याच्यात कापून बघ. अस्तराचं नवीन कापडही ठेवलंय, दोनदा भिजवलेलं, बिनधास्त काप. डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे, तेलाचा डबा कापडापासून लांब ठेव.

आणि त्या मुंढ्याचा कागदी नमुना मला पाठव. वरच्या आळीतल्या काकूंना लेकाच्या लग्नासाठी लांब बाहीचा ब्लाउज हवाय, आणि त्यांचा उजवा खांदा उतरलेला आहे. खांदा उतरता असेल तर बाहीची उंची किती बदलायची, तेही लिही. कापड मी भिजत घातलंय, रविवारपर्यंत थांबते.

तुझी,
आई