एचपीव्हीचा रिपोर्ट हा चारित्र्याचा दाखला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात हे चांगलंच झालं, पण त्यातली दोन वाक्यं खटकली. एक, ‘स्वैर संबंध ठेवणाऱ्या स्त्रियांना हा आजार होतो’. दुसरं, ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोगाची सुरुवात’. मी नोकरीभर पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशींच्या, स्लाइड वाचल्या. असल्या वाक्यांपायी बायका तपासणीच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत, हे मी जवळून पाहिलंय.

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काही प्रकारांमुळे हातापायांवर चामखीळ येते, बाकीचे बरेचसे येतात कधी नि जातात कधी ते कळतही नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापर्यंत नेणारे मोजके, आणि त्यातले 16 आणि 18 हे दोनच प्रकार जवळपास 70 टक्के रुग्णांमध्ये सापडतात. हा विषाणू कातडीला कातडी लागूनही पसरतो, त्यामुळे कंडोमने धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही. शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होऊन जातो. जन्मभर एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. मग ‘स्वैर’ कोणाला म्हणायचं?

एकदा एक बाई रिपोर्ट न्यायला आल्या होत्या. नवरा दाराबाहेर उभा. पाकीट उघडून त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि हळूच विचारलं, “मॅडम, हे कुणाकडनं आलं ते यात लिहिलंय का?” मी म्हटलं, ते कुठल्याच तपासणीत लिहून येत नाही. खरंच येत नाही. कधी आलं तेही कळत नाही, कारण हा विषाणू चाचणीत सापडणार नाही इतक्या कमी प्रमाणात वर्षानुवर्षं दडून राहू शकतो आणि नंतर वर येतो. पंचेचाळिशीतला पॉझिटिव्ह रिपोर्ट विशीतल्या संसर्गाचा असू शकतो. त्यावरून ना नवऱ्यावर संशय घेता येतो, ना बायकोवर. त्या बाईंनी कागदाची बारीक घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. डॉक्टरांनी सांगितलेल्या कोल्पोस्कोपीला (भिंगातून गर्भाशयमुख पाहायच्या तपासणीला) त्या आल्या नाहीत.

या आजाराला नैतिकतेचा वास आला तो फार जुना. 1842 साली इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या मृत्यूच्या नोंदी तपासून रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांनी मांडलं की मठात राहणाऱ्या अविवाहित ख्रिस्ती जोगिणींमध्ये (नन) हा कर्करोग क्वचित, विवाहित स्त्रियांमध्ये जास्त. निरीक्षण अचूक होतं. दोष बाईच्या माथी मारला तो लोकांनी. कारण सापडायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. मधल्या काळात नागिणीच्या भाऊबंदांपैकी एका विषाणूवर संशय होता. जर्मन विषाणूशास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन एचपीव्हीवर अडून बसले, 1983 मध्ये त्यांच्या गटाला कर्करोगाच्या गाठीत 16 नंबरचा प्रकार सापडला, वर्षभरात 18 नंबरचाही. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1999 च्या एका अभ्यासात देशोदेशींच्या गाठींचे नमुने तपासले, तेव्हा 99.7 टक्क्यांत एचपीव्ही निघाला. इतकं घट्ट नातं फार थोड्या कर्करोगांच्या बाबतीत सापडतं.

आता दुसरं वाक्य. नातं घट्ट असलं तरी ते उलट दिशेने वाचायचं नाही. दहांपैकी साधारण नऊ संसर्ग दोनेक वर्षांत शरीर स्वतःच निपटून टाकतं. उरलेल्यांत विषाणू ठाण मांडतो. त्याची ई6 आणि ई7 ही प्रथिनं पेशीची बेसुमार वाढ रोखणाऱ्या पी53 आणि आरबी या प्रथिनांना निकामी करतात, आणि पेशी बिघडत जातात. हे स्लाइडवर दिसतं. निळसर-गुलाबी पेशींच्या गर्दीत एखादी पेशी वेगळी असते: केंद्रक गडद, सुकलेल्या मनुकेसारखं सुरकुतलेलं, आणि भोवती स्वच्छ रिकामं वलय. त्याला कोइलोसाइट म्हणतात. ती दिसली म्हणजे विषाणू तिथे येऊन गेलाय किंवा अजून आहे, एवढंच, कर्करोग नव्हे. तिथून कर्करोगापर्यंत जायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचली असेल तर पाच-दहा. तंबाखूही विषाणूला मुक्काम वाढवायला मदत करते.

एवढी वर्षं हातात असतात, म्हणून तर तपासणीला अर्थ. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखावर स्त्रियांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची चाचणी फक्त एकदा केलेल्या गटात पुढे गेलेला कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअरच्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही. स्लाइड वाचणारीनेच हे सांगितलेलं बरं.

पॉझिटिव्ह आलं की घाबरून ‘पिशवीच काढून टाका’ म्हणणाऱ्याही खूप भेटल्या. निव्वळ संसर्गासाठी पिशवी काढत नाहीत. पुढची तपासणी करतात, आणि बिघडलेला भाग सापडलाच तर तेवढाच जाळून, गोठवून किंवा तारेने कापून काढतात; बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाता येतं.

लसीबद्दल लेखात एकच ओळ आहे, तीही ‘वाद आहेत’ अशी. स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग 88 टक्के कमी आढळला, हे 2020 मध्येच प्रसिद्ध झालंय. लस नऊ ते चौदा या वयात द्यायची ती संसर्गाची शक्यता सुरू होण्याआधी, कारण आधीच झालेला संसर्ग ती घालवत नाही. लस घेतलेल्यांनीही पुढे तपासणी चुकवायची नाही.

ती दोन वाक्यं आपण त्याच पानावर दुरुस्त करावीत ही विनंती. सोबत एवढंही छापा: तिशीनंतर तक्रार नसली तरी चाचणी करावी, कारण गर्भाशयमुखातला संसर्ग सहसा काहीच लक्षण दाखवत नाही; आणि संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. लेखासोबत दोन्ही हातांनी तोंड लपवलेल्या बाईचं छायाचित्र आहे. तेही पुन्हा वापरू नका.

आपली,
एक निवृत्त पेशीनिदान तंत्रज्ञ